विश्वराज्यातील हक्कांची सनद : मसुद्यापुढील काही प्रश्न

सर्व मानवजातीचे एकच शासन असावे ही कल्पना जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अणुबाँबचा वापर झाल्यानंतर मात्र तिला तत्त्वचिंतनाच्या कक्षेतून राज्यघटनेच्या कक्षेत आणण्याचे पद्धतशीर प्रयत्न सुरू झाले. आपल्याकडेही ही कल्पना अपरिचित नव्हती. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईस अखिल भारतीय काँग्रेस समितीने जो ‘छोडो भारत’ ठराव संमत केला, त्यात स्वतंत्र राष्ट्रांच्या जागतिक संघराज्याची आवश्यकता स्पष्टपणे नमूद केलेली आहे. ठरावाचा हा भाग आज सहसा कोणाच्या स्मरणात नसतो.

विश्वराज्याच्या घटनेचा विचार करू लागले की तिच्यात मानवी हक्कांची सनद असावी, याविषयी बहुधा मतभेद होत नाही. सनदेत कोणते हक्क घालावेत याची यादीही आता फारशी वादग्रस्त राहिलेली नाही. खरी अडचण त्यापुढची आहे. ही सनद कोणावर बंधनकारक, तिचा भंग झाल्यास दाद कोणापुढे मागावयाची, आणि कोणत्या प्रसंगी ती स्थगित करता येईल, या तीन प्रश्नांवर सनदेचे मोल अवलंबून असते. आजवर झालेले प्रमुख मसुदे व प्रत्यक्ष अनुभव यांच्या आधारे या प्रश्नांचा ऊहापोह करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. सनदेचा रोख

हक्कांची सनद म्हणजे इष्ट गोष्टींची नामावली नव्हे. ती एका विशिष्ट सत्तेला घातलेली मर्यादा होय. इंग्लंडमधील १६८९ चा हक्कांचा कायदा राजाच्या सत्तेला उद्देशून होता. फ्रान्समधील १७८९ चा जाहीरनामा जुन्या राजवटीच्या विशेषाधिकारांविरुद्ध होता. विश्वराज्याच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद उदाहरण मात्र अमेरिकेचे आहे. कारण तेथे अनेक राज्यांच्या वर एक नवे शासन निर्माण होत होते आणि त्या नव्या शासनापासूनच लोकांना संरक्षण हवे होते.

फिलाडेल्फिया येथे १७८७ मध्ये तयार झालेल्या घटनेत हक्कांची सनद नव्हती. ती आवश्यकच नाही, असे अलेक्झांडर हॅमिल्टन याचे प्रतिपादन होते. संघशासनाला मोजकेच अधिकार दिलेले आहेत. जे करण्याचा अधिकारच दिलेला नाही ते करू नये असे बजावण्याचे प्रयोजन काय, असा त्याचा युक्तिवाद होता. विश्वराज्याचे काही पुरस्कर्ते आजही याच स्वरूपाचा युक्तिवाद करतात. विश्वशासनाकडे केवळ शस्त्रनियंत्रण व शांततारक्षण एवढेच विषय राहतील, म्हणून सनदेची गरज नाही, असे ते म्हणतात. परंतु अमेरिकन जनतेला हॅमिल्टनचे म्हणणे पटले नाही. १७८९ मध्ये जेम्स मॅडिसन याने दुरुस्त्या मांडल्या आणि १७९१ मध्ये पहिल्या दहा दुरुस्त्या अमलात आल्या. शांततारक्षण हा विषयही वाटतो तितका निरुपद्रवी नाही. झडती, अटक, मालमत्तेची जप्ती आणि गुप्त माहिती यांचा आश्रय शासनाला सर्वांत अधिक याच विषयात घ्यावा लागतो.

या इतिहासाचा दुसरा भाग अधिक गंभीर आहे. पहिल्या दहा दुरुस्त्या केवळ संघशासनावर बंधनकारक आहेत, घटक राज्यांवर नाहीत, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८३३ मध्ये दिला. दक्षिणेतील राज्यांत गुलामगिरी कायद्याने मान्य होती. तेथील गुलामाला त्या सनदेचा काहीही उपयोग नव्हता. १८६८ ची चौदावी दुरुस्ती झाल्यानंतर, आणि मुख्यत्वे विसाव्या शतकातील न्यायनिर्णयांमुळे, ही सनद हळूहळू राज्यांनाही लागू झाली. म्हणजे सनदेचा रोख वर असावा, खाली असावा की दोन्हीकडे असावा, हा प्रश्न मसुदा करतानाच सोडविला नाही तर त्याची किंमत पुढील कित्येक पिढ्यांना मोजावी लागते.

२. दोन आदर्श : शिकागो व क्लार्क-सोन

या प्रश्नाला विश्वराज्याच्या मसुदाकारांनी दोन भिन्न उत्तरे दिलेली आहेत.

पहिले उत्तर शिकागो विद्यापीठात तयार झाले. १९४५ च्या अखेरीस विद्यापीठाचे प्रमुख रॉबर्ट हचिन्स यांच्या अध्यक्षतेखाली विश्वघटनेचा आराखडा करण्यासाठी एक समिती स्थापन झाली. इटलीतील फॅसिस्ट राजवटीस विरोध करून अमेरिकेत आलेले साहित्यिक जी. ए. बोर्गेझे हे तिचे कार्यवाह होते. समितीचा प्राथमिक मसुदा मार्च १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जगाचे नऊ प्रदेश कल्पिले असून भारत हा त्यांपैकी एक आहे. मसुद्याच्या आरंभीच कर्तव्यांचा व हक्कांचा जाहीरनामा आहे. दारिद्र्यातून व श्रमांच्या पिळवणुकीतून मुक्तता, सभा व संघटना यांचे स्वातंत्र्य, वांशिक किंवा वैचारिक जुलमापासून व्यक्तींचे व समूहांचे रक्षण, अल्पसंख्याकांची व विरोधकांची सुरक्षितता यांचा त्यात समावेश आहे. पृथ्वी, जल, वायू आणि ऊर्जा ही समस्त मानवजातीची सामायिक मालमत्ता होय, असेही त्यात म्हटले आहे. ही सनद विश्वशासनाप्रमाणेच त्याच्या घटकांनाही लागू होते. तिच्या रक्षणासाठी ‘लोकाधिवक्ता’ म्हणता येईल असे एक स्वतंत्र पद कल्पिलेले असून, विश्वशासनाने किंवा कोणत्याही घटकाने हक्कांची पायमल्ली केल्यास व्यक्तीची वा समूहाची बाजू मांडणे हे त्याचे काम आहे. मसुदा करताना या समितीने शासनाची कल्पना केली तशीच त्याच्या अपराधाचीही कल्पना केली, हे या पदावरून दिसते.

दुसरे उत्तर ग्रेनव्हिल क्लार्क व लुई सोन या दोघा अमेरिकन विधिज्ञांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आढळते. नवी घटना लिहिण्याऐवजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेतच दुरुस्त्या करून त्याला निःशस्त्रीकरण घडवून आणण्याची सत्ता द्यावी, अशी त्यांची योजना होती. तिला एक हक्कपत्र जोडलेले आहे. परंतु ते केवळ राष्ट्रसंघाच्याच कृतींवर मर्यादा घालते. एखादे राष्ट्र आपल्या नागरिकांना कसे वागविते यात ते पडत नाही.

दोन्ही उत्तरांना आधार आहे. घटक राष्ट्रांनाही बांधणारी सनद केली तर विश्वशासनाला प्रत्येक देशाच्या अंतर्गत व्यवहारात हस्तक्षेप करण्याचे निमित्त मिळते. हक्कांच्या रक्षणासाठी म्हणून दिलेली सत्ताच अमर्याद होण्याचा संभव असतो. उलट केवळ विश्वशासनालाच बांधणारी सनद केली तर आपल्याच सरकारच्या जुलमाखाली दबलेल्या माणसाच्या हाती काहीच येत नाही. यातून मार्ग निघतो तो सनदेच्या शब्दांतून नव्हे, तर तिच्या अंमलबजावणीच्या रचनेतून.

३. डिसेंबर १९४८

अंमलबजावणीचे महत्त्व किती, हे दोन लागोपाठच्या दिवसांनी स्पष्ट केलेले आहे.

१० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिस येथे राष्ट्रसंघाच्या आमसभेने मानवी हक्कांचा सार्वत्रिक जाहीरनामा संमत केला. ४८ राष्ट्रांनी अनुकूल मत दिले, विरुद्ध कोणीही नव्हते, ८ राष्ट्रे तटस्थ राहिली. या जाहीरनाम्याच्या घडणीत भारताच्या प्रतिनिधी हंसाबेन मेहता यांचा वाटा लक्षणीय होता. पहिल्या कलमात मूळ मसुद्यातील ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ होऊ शकेल अशा शब्दांऐवजी ‘सर्व मानव’ असा निःसंदिग्ध शब्दप्रयोग यावा, हा आग्रह त्यांचा. हक्कांच्या अंमलबजावणीची यंत्रणा असावी, याचाही त्यांनी पाठपुरावा केला. ऑस्ट्रेलियाने तर मानवी हक्कांचे आंतरराष्ट्रीय न्यायालय स्थापन करण्याची सूचना मांडली होती. ती मान्य झाली नाही. आयोगाकडे व्यक्तींच्या तक्रारी येत होत्या. परंतु त्यांवर कोणतीही कारवाई करण्याचा आपणास अधिकार नाही, असे आयोगाने १९४७ मध्येच ठरवून टाकले होते. जाहीरनामा थोर होता. दाद मागण्यासाठी दार मात्र नव्हते.

त्याच्या आदल्याच दिवशी, ९ डिसेंबर १९४८ रोजी, दिल्लीत भारताच्या घटना समितीपुढे एक कलम चर्चेला आले होते. मूलभूत हक्कांच्या बजावणीसाठी थेट सर्वोच्च न्यायालयाकडे जाण्याचा हक्क देणारे हे कलम आज ३२ वे म्हणून ओळखले जाते. घटनेतील सर्वांत महत्त्वाचे कलम कोणते असे विचारल्यास आपण याच कलमाचा निर्देश करू, त्यावाचून घटना शून्यवत होईल, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या दिवशी सांगितले. त्यालाच त्यांनी घटनेचा आत्मा व हृदय म्हटले. हंसाबेन मेहता या घटना समितीच्याही सदस्य होत्या. एकाच पिढीतील माणसे एके ठिकाणी हक्क आणि उपाय यांची सांगड घालू शकली, दुसऱ्या ठिकाणी नाही. याचे कारण बुद्धीचा वा सद्भावनेचा अभाव हे नव्हते. दिल्लीत एक शासन निर्माण होत होते आणि त्याच्याबरोबर त्याला आवरणारे न्यायालयही निर्माण करता येत होते. पॅरिसमध्ये मात्र जी राष्ट्रे बांधली जावयाची, तीच मतदान करीत होती.

४. कर्तव्ये आणि आर्थिक हक्क

यादीसंबंधीचे दोन प्रश्न येथे थोडक्यात पाहू. पहिला कर्तव्यांचा. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी मानवी हक्कांचा एक जाहीरनामा प्रसृत केला, तेव्हा आधी कर्तव्यांची सनद करावी, हक्क त्यामागोमाग येतील, असे महात्मा गांधींनी त्यांना कळविले होते. युनेस्कोचे ज्यूलियन हक्सली यांनी १९४७ मध्ये विचारणा केली तेव्हाही गांधीजींनी तीच भूमिका मांडली. शिकागोच्या मसुद्यातही कर्तव्ये हक्कांच्या आधी येतात. नीतिशास्त्राच्या दृष्टीने हे योग्यच आहे. परंतु घटनेच्या मसुद्यात कर्तव्यपालन ही हक्काची पूर्वअट केली, तर कोणी कर्तव्य केले नाही हे शासन ठरवील आणि त्याचा हक्क काढून घेईल. म्हणून कर्तव्ये सांगावीत. हक्क मात्र त्यांवर अवलंबून ठेवू नयेत.

दुसरा प्रश्न आर्थिक व सामाजिक हक्कांचा. भारतीय घटनेने न्यायालयामार्फत बजावता येणारे मूलभूत हक्क आणि तसे न बजावता येणारी मार्गदर्शक तत्त्वे असे दोन भाग केले. राष्ट्रसंघानेही १६ डिसेंबर १९६६ रोजी नागरी व राजकीय हक्कांचा एक आणि आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा दुसरा असे दोन वेगळे करारनामे संमत केले. ते १९७६ मध्ये अमलात आले. इन्सब्रुक येथे १९७७ मध्ये विश्वराज्यवाद्यांनी स्वीकारलेल्या ‘पृथ्वी संघराज्याच्या घटने’तही बाराव्या कलमात नागरिकांचे हक्क व तेराव्या कलमात मार्गदर्शक तत्त्वे अशीच विभागणी आहे. व्यवहाराच्या दृष्टीने ती समजण्यासारखी आहे. तथापि, ज्या जगात देशादेशांतील दारिद्र्याचे अंतर इतके मोठे आहे, तेथे भाकरीचा हक्क केवळ मार्गदर्शक ठेवून मालमत्तेचा हक्क न्यायालयामार्फत बजावण्याजोगा केला, तर दुर्बळ देशांतील जनतेला ती सनद परकीच वाटेल.

५. सीमा हे अलिखित कलम

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. १९४८ च्या जाहीरनाम्याचे तेरावे कलम कोणताही देश सोडून जाण्याचा हक्क देते; चौदावे कलम छळापासून सुटण्यासाठी अन्य देशांत आश्रय मागण्याचा हक्क सांगते. दोन्ही कलमे एकाहून अधिक राज्ये आहेत हे गृहीत धरतात. एका राज्याने छळले तर दुसऱ्याच्या सीमेपलीकडे जाता येते, ही वस्तुस्थिती आजवर अनेकांच्या जीविताचे अखेरचे रक्षण ठरलेली आहे. बोर्गेझे स्वतः त्याच मार्गाने वाचले. राष्ट्रांमधील सीमा हे जणू हक्कांच्या प्रत्येक सनदेतील एक अलिखित कलम आहे.

विश्वराज्यात हे कलम आपोआप रद्द होते. तेथे ‘अन्य देश’ नाही. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७९५ मध्ये चिरंतन शांततेवर लिहिताना सर्व राज्ये एका साम्राज्यात विलीन होण्यापेक्षा स्वतंत्र राज्यांचा संघ बरा, असे मत दिले ते याच भीतीपोटी. असे साम्राज्य निर्जीव जुलूमशाहीत परिणत होईल, असे त्याला वाटत होते. स्वतः कित्येक वर्षे राज्यहीन अवस्थेत काढलेल्या हॅना आरेन्ट यांनी तर, सुसंघटित मानवजात बहुमताने आपल्याच एखाद्या भागाचा नाश योग्य ठरवू शकेल, असा इशारा दिला होता. म्हणून १९४८ चा जाहीरनामा जसाच्या तसा उचलून विश्वराज्याच्या घटनेत घालणे पुरेसे नाही. सीमा जे रक्षण देत होती, ते आता घटनेच्या आतच निर्माण करावे लागेल.

६. यादीतील नावे

हा धोका केवळ काल्पनिक नाही. विश्वराज्य अस्तित्वात नसले, तरी थेट व्यक्तीवर परिणाम करणारी जागतिक सत्ता काही प्रमाणात अस्तित्वात आलेली आहे. सुरक्षा समितीच्या १९९९ च्या १२६७ क्रमांकाच्या ठरावान्वये दहशतवादाशी संबंध असल्याचा संशय असलेल्या व्यक्तींची यादी ठेवण्यात येऊ लागली. यादीत नाव आले की सर्व सदस्य राष्ट्रांनी त्या व्यक्तीची मालमत्ता गोठवावयाची. ऑक्टोबर २००१ मध्ये कादी या सौदी व्यावसायिकाचे नाव तीत घालण्यात आले. त्याच्यावर खटला झालेला नव्हता; पुरावा त्याला दाखविण्यात आलेला नव्हता; समितीपुढे स्वतः जाऊन नाव काढण्याची मागणी करण्याची सोयही तेव्हा नव्हती. ती मागणी सरकारमार्फतच करावी लागे.

कादीने युरोपीय संघाच्या न्यायालयात दाद मागितली. २००५ मध्ये खालच्या न्यायालयाने त्याचा दावा फेटाळला. परंतु ३ सप्टेंबर २००८ रोजी युरोपीय न्यायालयाने तो मान्य केला. आपण सुरक्षा समितीच्या ठरावाची नव्हे, तर तो अमलात आणणाऱ्या युरोपीय नियमाची तपासणी करीत आहोत, असे सांगून न्यायालयाने बाजू मांडण्याच्या व न्यायालयीन दाद मिळण्याच्या हक्काचा भंग झाल्याचे ठरविले व कादीपुरता तो नियम रद्द केला. त्यानंतर, डिसेंबर २००९ मध्ये, सुरक्षा समितीने अशा तक्रारींसाठी एका स्वतंत्र लोकपालाचे पद निर्माण केले. २०१२ मध्ये कादीचे नाव यादीतून निघाले.

हैतीचा अनुभव याच्या उलट आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेच्या एका छावणीतील मैल्यामुळे नदी दूषित होऊन तेथे कॉलऱ्याची साथ पसरली व सुमारे १०,००० माणसे दगावली. पीडितांचे भरपाईचे दावे विचारात घेण्याजोगे नाहीत, असे राष्ट्रसंघाने २०१३ मध्ये कळविले. अमेरिकेतील न्यायालयांनी राष्ट्रसंघाला असलेल्या कायदेशीर संरक्षणाच्या आधारे दावा ऐकण्याचे नाकारले. डिसेंबर २०१६ मध्ये सरचिटणीसांनी हैतीच्या जनतेची क्षमा मागितली. पण कोणत्याही न्यायालयाने त्या दाव्याच्या गुणदोषांचा निर्णय दिलेला नाही.

या दोन प्रकरणांतील फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. कादीला न्याय मिळाला तो जागतिक सत्तेच्या उदारतेमुळे नव्हे. त्या सत्तेचा आदेश अमलात आणण्यापूर्वी तो तपासण्याचे धैर्य असलेले एक वेगळे, प्रादेशिक न्यायालय होते म्हणून. हैतीच्या माणसांना तसे न्यायालय लाभले नाही.

७. आणीबाणीचा अपवाद

कोणतीही सनद शेवटी तिच्या अपवादावर पारखली जाते. युरोपीय हक्ककरारात (१९५०) आणि १९६६ च्या नागरी हक्कांच्या करारनाम्यात आणीबाणीत काही हक्क स्थगित करण्याची मुभा आहे. मात्र जीविताचा हक्क, छळापासून मुक्तता यांसारखे काही हक्क त्यांतून वगळलेले आहेत. भारताला या नियमाचे महत्त्व अनुभवाने कळले. १९७५ मध्ये आणीबाणी जाहीर झाल्यावर ३५९ व्या कलमान्वये जीवित व स्वातंत्र्य यांच्या हक्काची बजावणीही स्थगित करण्यात आली. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने, बेकायदा स्थानबद्धतेविरुद्ध बंदीप्रत्यक्षीकरणाचा अर्जही या काळात करता येणार नाही, असा निर्णय दिला. न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांचे एकट्याचे मत विरुद्ध होते. डॉ. आंबेडकरांनी ज्याला घटनेचे हृदय म्हटले, ते त्या काळात या कैद्यांपुरते थांबलेले होते. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने २० व २१ या कलमांची बजावणी आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही असे ठरविले, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९७६ चा तो निर्णय चुकीचा म्हणून रद्द ठरविला.

एका देशातील अशी आणीबाणी निवडणुकीने संपली, आणि ती चालू असताना देशाबाहेरून तिच्यावर टीका करता येत होती. विश्वराज्यातील आणीबाणीला ‘बाहेर’ असणार नाही. म्हणून तेथील अपवादाचे कलम कोणत्याही राष्ट्रीय घटनेतील कलमापेक्षा अधिक अरुंद असले पाहिजे.

८. समारोप

वरील विवेचनावरून विश्वराज्याच्या सनदेचा कोणताही मसुदा तपासण्यासाठी चार कसोट्या सुचविता येतील. एक, सनद विश्वशासन व घटक राष्ट्रे या दोहोंवर बंधनकारक असावी. परंतु घटकाविरुद्धच्या तक्रारीत हस्तक्षेपाचा निर्णय विश्वशासनाच्या कार्यकारी मंडळाने नव्हे, तर न्यायालयाने घ्यावा. दोन, प्रत्येक व्यक्तीला स्वतः, कोणत्याही सरकारच्या मध्यस्थीवाचून, न्यायालयाकडे जाता यावे. विश्वशासनाला व त्याच्या अधिकाऱ्यांना दाव्यापासून संपूर्ण संरक्षण नसावे. तीन, केंद्राचा आदेश एखाद्या व्यक्तीवर बजावला जाण्यापूर्वी तो तपासण्याचा व तोपर्यंत त्या व्यक्तीला थारा देण्याचा अधिकार प्रादेशिक न्यायालयांना असावा. आश्रयाच्या हक्काने विश्वराज्यात घ्यावयाचे रूप हेच होय. चार, जीवित, छळापासून मुक्तता आणि बंदीप्रत्यक्षीकरण यांना आणीबाणीतही हात लावता येऊ नये, आणि हे कलम साध्या बहुमताने बदलता येऊ नये.

यांतील तिसरी कसोटी मान्य केली तर विश्वशासन काहीसे मंद व अवघड होईल, हा आक्षेप खरा आहे. केंद्राच्या प्रत्येक आदेशाला प्रादेशिक अडथळे उभे राहिले तर शांततारक्षणाचे कार्य कसे चालावयाचे, असे विचारले जाईल. परंतु एका शासनाखाली सर्व पृथ्वी आल्यावर त्या शासनाच्या चुकीतून सुटण्यासाठी माणसाला दुसरी पृथ्वी मिळणार नाही. तेव्हा त्या सुटकेची वाट मसुद्यातच ठेवलेली असावी, आणि तिच्यापायी होणारा विलंब मसुदाकारांनी आधीच मान्य केलेला असावा.